चाळणी झालेलं पान

आइसलंडच्या हस्तलिखितांमध्ये साधारण 1200 सालच्या आसपासची एक चित्रमय पोथी आहे, फिसिओलोगुस नावाची. प्राणी-पक्ष्यांची वर्णनं आणि त्यांतून काढलेला धर्मबोध, असा तिचा ऐवज. आज तिची थोडी पानं उरली आहेत, आणि त्या पानांना भोकं आहेत. कसरीची भोकं वेडीवाकडी असतात. ही बारीक, जवळजवळ, मुद्दाम टोचलेली आहेत. कुणीतरी ते चामडं ताणून, टोचून, त्याची पीठ चाळायची चाळणी केली होती. माझ्या मनात हे पान कित्येक दिवस रुतून बसलं आहे. पहिल्यांदा कळतं तेव्हा राग येतो. चार-पाचशे वर्षं जपलेलं चित्र, आणि त्यातून पीठ गाळायचं! पण तो राग फार टिकत नाही, कारण त्या घरात काय होतं आणि काय नव्हतं याचा विचार करावा लागतो. जाळी विणायला तार नाही, लाकूड दुर्मीळ, धान्य परदेशातून येणारं, आणि हाताशी एक मजबूत, ताणलं तरी न फाटणारं चामडं, ज्यावरचं अक्षर घरात कुणालाच लागत नाही.

हे एकच पान असतं तर अपघात म्हणून सोडून देता आलं असतं. पण स्काउल्होल्टच्या बिशपच्या समारंभी टोपीला आतून ताठपणा यावा म्हणून एका जुन्या पोथीची पानं कापून घातलेली सापडली. त्यांवर फ्रेंच प्रेमकथांचं जुन्या नॉर्स भाषेतलं रूपांतर होतं. सागा म्हणजे जुन्या आइसलंडी भाषेतली दीर्घ गद्यकथा; रेयक्यारफ्यारदारबोक ही स्तुर्लुंगा सागाची एक मोठी, देखणी पोथी. तिची पानं सुटी होऊन घरोघर विखुरली, आणि त्यांतलं एक कपड्याच्या बेतासारखं कापलेलं मिळालं. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे देशाने कॅथॉलिक पंथ सोडल्यावर, लॅटिन पूजाविधीच्या पोथ्या निरुपयोगी ठरल्या, तेव्हा त्यांची पानं नव्या पुस्तकांच्या बांधणीत गेली. आजही सतराव्या शतकातल्या एखाद्या कागदी वहीचं वेष्टन उलगडलं तर आतल्या बाजूला चार रेघांवर लिहिलेले जुन्या स्तोत्राचे सूर दिसतात.

ही सगळी मोडतोड वाढली ती कागद आल्यावर.

एरवी आपण असं समजतो की लेखनाचं नवं, स्वस्त साधन आलं की जुनं वाङ्मय वाचतं. आइसलंडमध्ये ते वाचलंही आणि गेलंही, आणि दोन्हींचं कारण एकच आहे. एखाद्या मळकट, काळ्या पडलेल्या चामड्याच्या पोथीची कागदावर स्वच्छ, नव्या वळणाची नक्कल झाली, की घरातल्यांच्या दृष्टीने सागा सुरक्षित झाली. आता रात्री वाचायला ती कागदी वही होती. चामडं मोकळं झालं. चाळणीला, टोपीला, बेताला, पुठ्ठ्याला. म्हणून त्या पानाला भोकं पाडणाऱ्या हाताला अडाणी म्हणायला माझं मन धजत नाही. ज्या घरांतून चामडं कातरलं गेलं, त्याच घरांतून सागा मोठ्याने वाचल्या जात होत्या.

चामड्याची किंमत काय होती ते एका पोथीवरून कळतं. फ्लातेयारबोक ही सागांची भली मोठी पोथी चौदाव्या शतकाच्या शेवटी लिहायला घेतली गेली. आज तिची 225 पानं आहेत आणि त्यांसाठी 113 वासरांची कातडी लागली असा हिशेब आहे. मोठ्या आकाराच्या पोथीत एका वासरातून दोनच पानं निघतात. ज्या देशात गवताचा हंगाम आखूड आणि हिवाळ्यात जनावरं जगवणं हीच मोठी चिंता, तिथे हा शब्दशः कळपांचा खर्च होता. त्यामुळे लेखनिक जागा वाचवायचे. आइसलंडच्या चामडी पोथ्यांतलं लेखन संक्षेपांनी गच्च भरलेलं असतं. ‘राजा’ या शब्दाचं नुसतं पहिलं अक्षर, ‘तो म्हणाला’साठी दोन खुणा, शेवटचा प्रत्यय अक्षराच्या डोक्यावर एका वळशाने. ज्याला सराव आहे तो हे झरझर वाचतो. दोन-तीनशे वर्षांनी लेखनाची वळणं बदलली की मात्र सुशिक्षित माणूसही अडखळतो. म्हणजे नक्कल करणाऱ्याचं काम नुसतं उतरवून घेण्याचं नव्हतं. त्याला प्रत्येक संक्षेप फोडावा लागे, आणि फोडताना निर्णय घ्यावा लागे. ‘तो’ की ‘त्याला’? नामाची कुठली विभक्ती? n, u आणि m या अक्षरांच्या उभ्या रेघा लागोपाठ आल्या की त्या मोजायच्या कशा? एकाच शब्दाने संपणारी दोन वाक्यं जवळजवळ असली तर नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि मधला मजकूर गायब होतो. अशा गळतीचा पुढे पाठभेद शोधणाऱ्यांना उपयोगच होतो. दोन वह्यांत नेमकी एकच ओळ गळलेली असली, तर त्या दोघींची आई एक.

कागद आइसलंडमध्ये पंधराव्या शतकात आला तो पत्रं, करार अशा सुट्या लिखाणाच्या रूपाने. पुस्तकाच्या आकाराचं जुन्यातलं जुनं कागदी हस्तलिखित म्हणजे बिशप गिस्सुर एइनारसॉन यांची 1540 नंतरची पत्रवही. सोळावं शतक संपता संपता कागदाने चामड्याला मागे टाकलं. हा कागद समुद्रापलीकडून येई. आधी हांबुर्गच्या व्यापाऱ्यांकडून, आणि 1602 पासून 1787 पर्यंत डॅनिश मक्तेदारीच्या जहाजांतून. जहाजं उन्हाळ्यात येत आणि हवामान बिघडायच्या आत परतत. हिवाळ्यात कागद संपला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो संपलेलाच. म्हणून पत्राची मागची कोरी बाजू, हिशेबाच्या वहीतली उरलेली पानं, समास, काहीही वाया जात नसे. सुक्या माशांच्या आणि विणलेल्या लोकरी मोज्यांच्या बदल्यात मिळालेली वस्तू होती ती.

आणि तो कागद म्हणजे चिंध्यांचा कागद. युरोपातल्या घराघरांतून गोळा केलेले तागाचे जुने कपडे निवडायचे, शिवणी आणि गुंड्या काढायच्या, ओल्या ढिगात कुजवून मऊ करायचे, मग पाणचक्कीवर चालणाऱ्या मुसळांखाली कुटून लगदा करायचा. कोमट पाण्याच्या हौदात तो लगदा, आणि त्यात बुडवायचा तारांच्या जाळीचा साचा. साचा वर उचलताना एक झटका पुढेमागे, एक डावीउजवीकडे, म्हणजे तंतू एकमेकांत अडकतात. झटका चुकला की कागद एका दिशेने सहज फाटणारा निघतो. ओला ताव लोकरी नमद्यावर उलटायचा, असे ताव आणि नमदे एकावर एक रचून दाबयंत्रात पिळायचे, मग माळ्यावर दोऱ्यांवर वाळवायचे. एवढ्यावर तो टीपकागदच असतो, शाई पसरते. लिहिण्याजोगा व्हायला त्याला खळ हवी. ही खळ कातड्याच्या कातरणांची आणि मेंढ्यांच्या खुरांची, उकळून काढलेली, थोडी तुरटी घातलेली. म्हणजे कागद आला तरी प्राणी पुस्तकातून पुरता गेला नव्हता. तो पातळ होऊन तंतूंच्या भोवती राहिला होता.

साच्याच्या तारा कागदात कायमच्या उमटतात. उजेडासमोर ताव धरला की एकमेकींना चिकटून जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात, आणि त्यांना काटकोनात साधारण अडीच-अडीच सेंटिमीटरवर ठळक रेषा. एका अर्ध्या तावाच्या मधोमध गिरणीचं जलचिन्ह असतं: विदूषकाची घंटा लावलेली टोपी, आम्स्टरडॅमचं नगरचिन्ह, नाहीतर आणखी काही. पान फाटकं असो, पहिलं-शेवटचं हरवलेलं असो, ते कसं घडलं हे या रेषा सांगतात. ताव एकदा दुमडला तर ठळक रेषा उभ्या आणि चिन्ह एका पानाच्या मध्यावर. दोनदा दुमडला तर रेषा आडव्या होतात आणि चिन्ह घडीत, शिवणीच्या जागी अर्धं अर्धं तुटतं. तिसऱ्यांदा दुमडला तर रेषा पुन्हा उभ्या, आणि चिन्ह शिवणीच्या वरच्या कोपऱ्यात चिमूटभर दिसतं. तारखेसाठी याचा मोठा उपयोग होतो. साचे तारेचे, रोज हौदात बुडणारे. थोड्याच वर्षांत चिन्हाची तार वाकते, टाके सैल होतात, साचा बदलावा लागतो. तेच चिन्ह, तसंच वाकलेलं, एखाद्या तारीख घातलेल्या पत्रात सापडलं, तर बेनाव वहीचं वय काही वर्षांच्या आत बसवता येतं. त्यात एक खबरदारी घ्यावी लागते. गिरणीतून निघालेला कागद आइसलंडच्या एखाद्या दूरच्या फ्योर्डमधल्या, म्हणजे आत शिरलेल्या अरुंद खाडीकाठच्या, शेतावर पोचायला आणि तिथे वापरून संपायला वेळ जातो. चिन्हावरून कळतं ते इतकंच की यापूर्वी हे लिहिलेलं नाही.

शाई मात्र घरची होती, आणि मला या सगळ्या व्यवहारात तिचं फार अप्रूप वाटतं. माळरानावर जमिनीसरपट वाढणारं एक काटक झुडूप आहे, लाल फळांचं, चिवट पानांचं. आइसलंडमध्ये त्याला सोर्तुलिंग म्हणतात. लोकर काळी रंगवायला बायका ते वापरत: झुडपाचे डहाळे, आणि दलदलीतून काढलेली काळी माती, दोन्ही पाण्यात उकळायची. झुडपात तुरट द्रव्य, मातीत लोह, दोन्ही मिळून काळा रंग. या रंगाच्या पाण्यात विलोच्या न सोललेल्या काटक्यांचे तुकडे घालायचे आणि ते आटवत राहायचं. झाली की नाही याची परीक्षा नखावर. थेंब नखावर टाकला आणि तो न पसरता मण्यासारखा गोल उभा राहिला, तर शाई तयार. लवकर उतरवली तर पातळ, तपकिरी आणि फिकी पडणारी; फार आटवली तर चिकट, पिसातून उतरतच नाही. बरोबर जमलेली शाई चामड्यावर चकाकते, आज सहाशे वर्षांनीही. पिसं हंसाची, कावळ्याची, बदकाची. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखातलं पीस बरं, कारण त्याची वाक हातापासून बाहेर जाते आणि टोकाला नजर मोकळी राहते.

चामड्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली ही सवय कागदावर जशीच्या तशी चालत नाही. चामड्यावर शाई वरच बसते. चूक झाली तर चाकूने खरवडावी, जागा घासून गुळगुळीत करावी, पुन्हा लिहावं. कागदावर खरवडलं की वरची खळ निघते, तंतू उघडे पडतात आणि दुरुस्तीचं अक्षर डागासारखं पसरतं. म्हणून कागदी वह्यांत चूक काट मारून सुधारलेली दिसते, किंवा समासात. चामड्यावर ओळी टोकदार हत्याराने आखायच्या, त्यासाठी कडेला भोकं टोचायची. कागदावर ते धोक्याचं, ताव त्या रेषेवरच फाटेल; मग समास राखायला पान उभं दुमडून नुसती घडी उमटवायची. वहीचे जुज, म्हणजे दुमडलेल्या तावांचे गठ्ठे, बांधताना क्रम चुकू नये म्हणून पानाच्या तळाला पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवायचा. शाई फार तिखट असली, तिच्यात लोहक्षार जास्त झाले, तर कालांतराने ती कागद खाते: आधी अक्षराभोवती तपकिरी छाया, मग पाठीमागून अक्षर दिसू लागतं, आणि शेवटी अक्षराच्या आकाराचं भोक. चामड्याच्या कमावणीत चुना असला तर तो आम्लाला थोपवतो. चिंध्यांच्या कागदाला तेवढं बळ नसतं. आणि ओल. हिरवळीच्या ढेकळांनी बांधलेल्या भिंती, गळकं छप्पर, माणसांच्या श्वासाची वाफ. ओल लागली की बुरशी पहिल्यांदा खळीवर येते, खळ गेली की कागद लिबलिबीत होतो, कोपरे गळून पडतात. पहिलं आणि शेवटचं पान जाणं हे इतकं ठरलेलं आहे की या वह्यांच्या नोंदींत ‘सुरुवात नाही, शेवट नाही’ हे वाक्य सारखं भेटतं.

पण कोपरे ओलीने जितके झिजले तितकेच बोटांनीही झिजले. शरद सरला की आइसलंडच्या शेतघरांत सगळी माणसं एका लांबट खोलीत जमायची, पलंगांच्या कडेला बसून लोकर पिंजायची, कातायची, विणायची, आणि एकजण दिव्याजवळ बसून वाचायचा. दिवा माशाच्या किंवा सीलच्या तेलाचा, धुरकट. काजळी पानांवर बसायची. ऐकणाऱ्यांचे हात कामात, कान सागेत. कधी गद्य सागा, कधी रीमुर म्हणजे सागेवरून रचलेली, चालीत म्हणायची दीर्घ पद्यं. घरची वही संपली की शेजारच्या शेतावरची मागून आणायची, आणि परत द्यायच्या आत तिची नक्कल करून ठेवायची. शेतकरी, कोळी, गडी, पाद्री, सगळ्या थरांतली माणसं यात होती. 1746 च्या घरगुती शिस्तीच्या शाही आदेशात अशा निरुपयोगी कथांपासून लोकांना दूर ठेवण्याची ताकीद होती. वाचन चालूच राहिलं.

हे हाताने का लिहीत बसले, छापखाना नव्हता का? होता, आणि लवकर होता. देशात बिशपची दोन पीठं होती, दक्षिणेला स्काउल्होल्ट आणि उत्तरेला होलार. होलारला 1530 च्या सुमाराला छापखाना आला. 1584 मध्ये बिशप गुद्ब्रांदुर थोर्लाउक्सॉन यांनी तिथे आइसलंडच्या भाषेतलं संपूर्ण बायबल छापलं, सुमारे 500 प्रती. त्या काळी एवढ्या लहान, एवढ्या दूरच्या समाजासाठी हे प्रचंड काम होतं, आणि आइसलंडची लिखित भाषा आज इतकी अखंड आहे त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. पण छापखाना चर्चच्या हातात होता आणि चर्चला सागा छापायच्या नव्हत्या. गुद्ब्रांदुरना तर रीमुर आणि असल्या गाण्यांच्या जागी लोकांनी स्तोत्रं म्हणावीत अशी तळमळ होती. परिणाम असा झाला की देवाचं वाङ्मय छापील आणि माणसांचं हस्तलिखित, अशी वाटणी दोनशे वर्षांहून जास्त टिकली. एक लहानसा खंड पडला तो 1688 मध्ये, जेव्हा छापखाना स्काउल्होल्टला असताना जुने इतिहासग्रंथ छापले गेले. एरवी ज्याला सागा हवी त्याने पीस हातात घ्यायचं. युरोपात इतरत्र हस्तलिखितांची परंपरा छपाईने हळूहळू संपवली. इथे छपाईच्या एकांगीपणामुळेच ती एकोणिसाव्या शतकापलीकडे जगली.

आणि स्तोत्रंदेखील आधी हातानेच फिरली. हाल्ग्रीमुर पेतुरसॉन यांनी येशूच्या यातनांवरची पन्नास स्तोत्रं 1659 मध्ये पुरी केली. त्यांच्या स्वतःच्या अक्षरातली एक प्रत त्यांनी 1661 मध्ये बिशप ब्रिन्योल्फुर यांची मुलगी राग्नहेइदुर हिला पाठवली. छापील आवृत्ती होलारहून 1666 ला निघाली. ती हस्तलिखित प्रत आज रेक्याविकच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. साधा कागद, नेटकं अक्षर. राग्नहेइदुर पुढे दोनच वर्षांत, अवघी एकवीस वर्षांची असताना वारली.

तिचे वडील ब्रिन्योल्फुर स्वेइन्सॉन हे 1639 पासून स्काउल्होल्टचे बिशप. कागदाने काय वाचवलं आणि काय घालवलं याची सगळी गुंतागुंत त्यांच्या टेबलावर होती. 1643 मध्ये त्यांच्या हाती एडाच्या काव्यांची ती छोटी पोथी आली, जिच्याशिवाय ओडिन आणि थोर या जुन्या नॉर्स देवांबद्दलचं आपलं ज्ञान निम्म्यावर आलं असतं. फ्लातेयारबोकही त्यांनी मिळवली. या सागा छापाव्यात असं त्यांना फार वाटे. छापखान्याचा हक्क दुसऱ्या बिशपकडे असल्याने ते जमलं नाही. परदेशी ग्रंथालयात, जिथे ती भाषा वाचणारं कुणी नाही, तिथे पोथ्या कोंडून ठेवणं म्हणजे जतन नव्हे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. तरीही आइसलंडवर राज्य करणाऱ्या डेन्मार्कच्या राजाची मागणी आली तेव्हा 1656 मध्ये फ्लातेयारबोक आणि 1662 मध्ये एडाची पोथी कोपनहेगनला गेली. त्या दोन्ही परत आल्या त्या 21 एप्रिल 1971 ला, नौदलाच्या जहाजातून.

या बिशपनी जे दुसरं केलं ते मला पोथ्या जमवण्याइतकंच मोलाचं वाटतं. विल्लिंगाहोल्टचे पाद्री योन एर्लेंड्सॉन यांना त्यांनी नकला करायला बसवलं. वर्षानुवर्षं. आरी थोरगिल्सॉन यांची ईस्लेंदिंगाबोक, 1122 ते 1133 च्या दरम्यान लिहिलेली, देश वसला कसा आणि धर्म बदलला कसा याची पहिली नोंद. तिची चामड्यावरची फार जुनी प्रत तेव्हा बिशपकडे होती. योननी तिची कागदावर नक्कल केली. बिशपना ती पसंत पडली नाही, म्हणून दुसरी करवून घेतली. एका नकलेवर 1651 साल आहे. दुसरीत जुनी अक्षरवळणं, जुने शब्दांचे आकार जास्त काटेकोरपणे उतरवलेले आहेत. बिशपच्या पश्चात त्यांचा संग्रह विखुरला आणि ती चामड्याची पोथी नाहीशी झाली. कुणाच्या बुटाला लागली, कुठल्या पुठ्ठ्यात गेली, काही सांगता येत नाही. आज आपल्याकडे आरींचा ग्रंथ आहे तो या दोन कागदी नकलांमुळेच. एकच नक्कल असती तर तिच्यातली चूक कुठली आणि जुनं रूप कुठलं हे ठरवायला काही साधन नसतं. एका बिशपचा असमाधानी स्वभाव आणि एका खेड्यातल्या पाद्रीने तेच काम पुन्हा करण्याची दाखवलेली तयारी, यांच्यावर एका देशाच्या इतिहासाचा आरंभ टिकून आहे.

इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. नक्कल झाली नसती तर पोथी जपली गेली असती का? कदाचित काही वर्षं. आणि मग तीही ओलीने गेली असती, आणि काहीच उरलं नसतं.

या नाशाचा ठाव घेत फिरलेला माणूस म्हणजे आर्नी माग्नुसॉन. 1663 चा जन्म. बालपण ह्वाम्मुरला आजोळी. आईचे वडील केतिल्ल योरुन्दसॉन स्वतः नकलाकार. एगिल या योद्धा-कवीच्या सागेचा एक पाठ आज त्यांच्याच कागदी नकलांतून कळतो. आर्नी कोपनहेगनला प्राध्यापक झाले, आणि 1702 ते 1712 अशी दहा वर्षं राजाच्या आज्ञेने आइसलंडभर फिरून त्यांनी आणि पाउल वीदालिन यांनी शेतांची नोंदवही आणि जनगणना केली. 1703 ची लोकसंख्या 50,358. शेताशेतावर जायला मिळालं, तिथे आर्नी जुनी पानं मागत. अख्खी पोथी नसली तरी चालेल, एक पान, पानाचा तुकडा. टोपीतली पानं, बेताचं पान ही त्यांच्याच हाताला लागलेली. दोन वेगवेगळ्या घरांत सापडलेले तुकडे एकाच पोथीचे आहेत हे ते अक्षरावरून ओळखत. 1720 मध्ये त्यांचा संग्रह 55 पेट्यांतून कोपनहेगनला पोचला.

आर्नींची शिस्त कडक होती. नक्कल म्हणजे अक्षराला अक्षर, संक्षेपाला संक्षेप. नकलाकाराने शहाणपण करायचं नाही. आपल्याला आज त्याचा फार उपयोग होतो. पण त्यांचा एक दोषही सांगितला पाहिजे. कागदी संग्रहवह्या त्यांच्या हाती आल्या की ते त्या उसवत. एका वहीत आठ-दहा सागा असल्या तर प्रत्येक सागा सुटी करून आपल्या वर्गवारीत लावत. त्यांना हवा होता मजकूर, आणि त्याची वंशावळ. कुठल्या शेतावर कोणत्या सागा शेजारी शेजारी बांधल्या होत्या, कुठली आधी वाचत, कोणासाठी ती वही केली होती, हे त्या उसवण्यात गेलं. विगुर बेटावरचे माग्नूस योन्सॉन हे सधन शेतकरी, त्यांनी मोठमोठ्या कागदी वह्या लिहून घेतल्या; त्यांतल्या एकीत एगिल स्काल्लाग्रिम्सॉनचं ते प्रसिद्ध, दणकट, हातात तलवार घेतलेलं चित्र आहे. अशा माणसाची आवड त्याच्या वहीच्या क्रमात असते. चामडी पोथी म्हणजे अस्सल आणि कागदी वही म्हणजे तिची दुय्यम सावली, ही समजूत अभ्यासकांत पुढे फार काळ राहिली, आणि हजारो कागदी हस्तलिखितं केवळ उशिराची म्हणून न वाचता पडून राहिली. अलीकडे ती वाचली जात आहेत, वहीचा मालक कोण, कागद कुठला, शाई कुणाची हे विचारत. मला हा बदल अगदी योग्य वाटतो.

20 ऑक्टोबर 1728 ला कोपनहेगनमध्ये आग लागली. आर्नींनी पहिला दिवस ती आपल्यापर्यंत येणार नाही या भरवशावर घालवला. मग आइसलंडच्या दोन तरुणांच्या मदतीने पेट्या हलवायला घेतल्या. चामडी पोथ्या बहुतेक वाचल्या. छापील पुस्तकं जवळजवळ सगळी गेली, आणि त्यांच्या स्वतःच्या टिपणांचा, नकलांचा मोठा भाग गेला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती ती क्रिंगला, नॉर्वेच्या राजांच्या इतिहासाची उत्तम पोथी, तीही जळली; तिचं आज एकच पान जगात आहे. पण आउसगेइर योन्सॉन नावाच्या लेखनिकाने तिची आगीच्या कितीतरी आधी कागदावर नक्कल करून ठेवली होती. इतकी विश्वासू की अभ्यासक तिला जवळपास मूळ प्रतीच्या जागी धरतात. त्याचा पगार, त्याचा कागद, त्याचे हिवाळे यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. आर्नी या आगीनंतर फार जगले नाहीत. 7 जानेवारी 1730 ला ते गेले, संग्रह विद्यापीठाला देऊन.

पेट्या हलवणाऱ्या त्या दोघांपैकी एक होता ग्रुन्नाविकचा योन ओलाफसॉन, आर्नींचा लेखनिक, तेविशीतला. हेइदारवीगा सागेची जगात एकच चामडी पोथी होती, स्टॉकहोममध्ये. तिची सुरुवातीची 12 पानं आर्नींनी उसनी आणली होती आणि योनने त्यांची कागदावर नक्कल केली होती. आगीत मूळ पानंही गेली आणि नक्कलही गेली. इथे कागदाने साथ दिली नाही. तेव्हा योन बसला आणि त्याने आठवेल तसा तो सगळा भाग पुन्हा लिहून काढला. सागेचे आजचे वाचक सुरुवातीचा भाग त्याच्या स्मरणातून वाचतात आणि पुढचा भाग तेराव्या शतकातल्या गद्यातून. शिवण कुठे आहे ते लपत नाही. पहिल्या भागात अठराव्या शतकातले शब्द आहेत, वाक्यं सैल आहेत, तपशील कुठे कुठे विरळ आहेत. पण माणसं आहेत, भांडणं आहेत, क्रम आहे. आपण ज्याची नक्कल केली ते लक्षात राहतं, नुसतं वाचलं असतं तर कदाचित राहिलं नसतं. पीस पुन्हा पुन्हा शाईत बुडवताना त्याने प्रत्येक वाक्य तेवढा वेळ मनात धरलेलं होतं. त्याची ती वही कागदाचीच आहे, आणि त्या 12 पानांपुरती आज तीच मूळ प्रत आहे.